भयकथा आवडणं हा आजार नव्हे

पुण्यातल्या कोथरूड-कर्वेनगरच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय : झोंबी, भुताटकी, उद्ध्वस्त शहरं असल्या गोष्टी आवडणारी मुलं मनाने आजारी असतात, असं म्हणे 'मानसशास्त्राने सिद्ध केलंय'.

असं काहीही सिद्ध झालेलं नाही. उलट २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोविडकाळात भयपटांच्या चाहत्यांनी मानसिक त्रास इतरांपेक्षा कमी नोंदवला. अर्थात हा नुसता संबंध आहे, कार्यकारणभाव नव्हे. तेव्हा औषध म्हणून भुतं दाखवत सुटू नका!

भीती किंवा दुःख दाखवणारं माणसाला आवडतं कसं, ही शंका तशी जुनीच. 'नाट्यशास्त्र' लिहिणाऱ्या भरतमुनींच्या आठ रसांत भयानक आणि बीभत्स आहेतच. चौदाव्या शतकात विश्वनाथाने 'साहित्यदर्पण' या काव्यशास्त्रावरच्या संस्कृत ग्रंथात रोकडा मुद्दा मांडला : करुणरसात दुःखच असतं, तर त्याच्याकडे कुणी वळलंच नसतं, आणि रामायणही दुःखालाच कारण ठरलं असतं.

अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानातून आणलेली गूढकथा भिंतीला पाठ टेकवून वाचणाऱ्या मुलीला पक्कं ठाऊक असतं, की तो अंधारा जिना पुस्तकातच आहे. आईने जेवायला हाक मारली, की पान दुमडून ती उठते. ही सुटका हाताशी असते म्हणून तर भीतीत मजा येते.

झोपच उडत असेल, तर मात्र पुस्तक काही दिवस वर ठेवा.