'एआय शस्त्रांवर नियम म्हणजे देशाचे हात बांधणं' हा मेसेज फॉरवर्ड करण्याआधी

स्वतःच लक्ष्य निवडून हल्ला करणाऱ्या एआय शस्त्रांवर आंतरराष्ट्रीय नियम नकोत, असा एक मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय. म्हणे मशीन माणसापेक्षा अचूक असतं त्यामुळे निरपराध कमी मरतील, असले करार कोणी पाळत नाही, नियम आले तर आपलं एअर डिफेन्स बंद पडेल, आणि शत्रू थांबणार नाही तर आपण का थांबायचं. एकेक मुद्दा घेऊ.

अचूकतेचं आधी. सांगितलं तिथे बरोब्बर आदळणं वेगळं आणि कोणावर आदळायचं हे ओळखणं वेगळं. मार्च २००३ मध्ये इराक युद्धात अमेरिकेच्या पेट्रियट या हवाई संरक्षण यंत्रणेने मित्रदेश ब्रिटनचंच टॉर्नेडो विमान पाडलं, ते मोहीम संपवून कुवेतला परत येत होतं, यंत्रणेला वाटलं की रडारवर आदळायला येणारं क्षेपणास्त्र आहे, आतले दोघंही गेले. नेम अचूकच होता, ओळख चुकली. आणि फायर करायचा निर्णय माणसांच्याच हातात होता हो! पण त्यांच्याकडे जेमतेम मिनिटभर, समोर स्क्रीन सांगतोय धोका आहे, मग ते दुसरं काय करणार? म्हणून नुसता माणूस बसवून भागत नाही, त्याला नाही म्हणायला वेळ आणि माहिती दोन्ही पाहिजे, आणि नियमांची मागणी नेमकी हीच आहे.

करार कोणी पाळत नाही, हे अर्धवट आहे. सिरियात २०१३ मध्ये सरीन हे बंदी असलेलं विषारी रसायन वापरलं गेलं हे खरंय, भूसुरुंगबंदीच्या करारातून बाहेर पडायचं काही युरोपीय देशांनी २०२५ मध्ये ठरवलं हेही खरंय. पण डोळे कायमचे आंधळे करणाऱ्या लेसर शस्त्रांवर १९९५ मध्ये, ती रणांगणावर यायच्या आधीच बंदी आली. आणि आपल्या भारतानेच स्वतःचा रासायनिक शस्त्रांचा साठा जाहीर करून २००९ पर्यंत तपासनीसांसमोर नष्ट केला, म्हणजे पाळणाऱ्यांत आपणच आहोत की.

एअर डिफेन्स बंद पडेल हे तर साफ चूक. रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२१ मध्ये बंदी मागितली ती दोनच प्रकारांवर, ज्यांचं वागणं आधी सांगता येत नाही अशी शस्त्रं आणि थेट माणसांना लक्ष्य करणारी. बाकीच्यांना मर्यादा, कुठे, किती वेळ, कशावर. येणारं क्षेपणास्त्र पाडणाऱ्या यंत्रणांवर सरसकट बंदी त्यात नाहीच. आपल्या नागपुरात बनणारं नागास्त्र-१ हे लक्ष्यावर जाऊन आदळणारं ड्रोन बघा, लक्ष्य सापडलं नाही किंवा ऐनवेळी हल्ला नको असं ठरलं तर मिशन रद्द करून ते पॅराशूटने खाली उतरवता येतं आणि परत वापरता येतं. थांबवायची सोय ठेवूनही शस्त्र बनतं आणि लष्कर ते घेतंही!

म्हणूनच डिसेंबर २०२३ मध्ये भारताने केलेलं मतदान मला पटलेलं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत या विषयावरच्या ठरावाला १५२ देशांचा पाठिंबा, विरोधात चारच, रशिया, बेलारूस, माली आणि भारत. ठरावात बंदी नव्हतीच, देशांची मतं मागवून अहवाल करा एवढंच होतं. आपलं म्हणणं की चर्चा जिनिव्हात, शस्त्रांवरच्या कराराच्या बैठकांतच व्हावी, पण तिथे सगळं एकमताने चालतं, एका देशाने अडवलं की गाडी ठप्प, २०१४ पासून नुसत्या बैठकाच चालल्यायत.

राहिला शत्रूचा मुद्दा. नोव्हेंबर २०२४ मध्ये बायडन आणि शी जिनपिंग यांनी मान्य केलं की अण्वस्त्र वापरायचा निर्णय माणसाच्याच हातात राहील. एकमेकांवर काडीचा विश्वास नसलेले दोघं हे मान्य करतात, कारण मशीनच्या चुकीने पेटलेलं युद्ध कोणालाच परवडणारं नाही. आपल्याला तर त्याहून नाही, मे २०२५ मध्ये सीमेवर दोन्ही बाजूंनी ड्रोन उडाले आणि दोन्हीकडे अण्वस्त्रं आहेत. हेच भारत-पाकिस्तान १९९२ पासून दर १ जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात, कारगिल झालं, पुलवामा झालं तरी ते थांबलं नाही. मग कोणत्या शस्त्राचा ट्रिगर मशीनकडे द्यायचा नाही यावर या दोघांत बोलणी होऊच शकत नाहीत, हे कशावरून?