'गुलाम महाग होते म्हणून मालक त्यांना जपायचे' या फॉरवर्डला उत्तर

व्हॉट्सॅपवर तो मेसेज परत फिरायला लागलाय. म्हणणं थोडक्यात असं की अमेरिका आणि वेस्ट इंडिजमधल्या गुलामगिरीवर उगाच रडारड चालते, एक गुलाम विकत घ्यायला मालकाला भरपूर पैसे मोजावे लागायचे, मग एवढ्या महागाच्या मालाला कोण कशाला मारेल, उलट जपतच असणार. पुढे आफ्रिकन लोकांनीच आपली माणसं विकली, गुलामगिरी काय सगळीकडेच होती, आपल्याकडे मलिक अंबर तर गुलामाचा वजीर झाला, आणि शेवटी इंग्रजांनी दया येऊन स्वतःच सगळं बंद केलं. चांगले शिकलेले लोक हे पुढे ढकलतायत म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा ऐकायला पटतो, म्हणून त्यावरच जास्त लिहितो. १७८१ सालचं झाँग हे जहाज घ्या, लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांचं. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून ४४२ माणसं कोंबून निघालं, तेवढ्या आकाराच्या जहाजात एरवी भरायचे त्याच्या दुपटीहून जास्त. वाटेत रोगाने माणसं मरायला लागली, त्यात जहाज रस्ता चुकलं, आणि मग खलाशांनी थोड्याच दिवसांत १३० च्या आसपास जिवंत माणसं समुद्रात फेकली, पहिल्या दिवशी बायका आणि मुलं. का, तर विमा. आजाराने मेला तर तोटा मालकाचा, पण जहाज वाचवायला 'माल' टाकावा लागला असं दाखवलं की क्लेम लागतो, माणशी ३० पौंड. सबब दिली की प्यायचं पाणी संपत आलं होतं, पण मधे पाऊस पडला होता आणि जमैकाला पोचल्यावर जहाजावर पाणी शिल्लक होतं. लंडनच्या कोर्टात केस उभी राहिली ती विम्याच्या पैशांची. ज्युरीने मालकांच्या बाजूने निकाल दिला, आणि ज्युरीच्या दृष्टीने घोडे टाकले असते तशीच ही केस होती असं न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड म्हणाले. त्यांनी पुढे फेरसुनावणीचा हुकूम दिला हे खरं, पण खुनासाठी कोणावरही कधीच खटला झाला नाही. त्या माणसांना किंमत होती हो, आणि किंमत होती म्हणूनच त्यांना बुडवलं.

हे एकच जहाज तसं होतं असंही नाही. साधारण साडेतीनशे वर्षांत सव्वा कोटीच्या आसपास माणसं जहाजांवर चढवली गेली आणि जिवंत उतरली सुमारे १ कोटी ७ लाख. म्हणजे अठरा लाख माणसं समुद्रातच संपली. ब्रूक्स नावाच्या गुलाम वाहणाऱ्या जहाजात माणसं कशी भरायची याचा जो प्रसिद्ध नकाशा आहे त्यात एका पुरुषाला सहा फूट लांब आणि सोळा इंच रुंद एवढी जागा आहे, दोघादोघांच्या पायात एक बेडी, आणि प्रवास आठवड्यांचा, कधी महिन्यांचा. अशा जहाजांवर डॉक्टर म्हणून गेलेल्या अलेक्झांडर फाल्कनब्रिजने सांगितलंय की हगवणीची साथ आली की खालच्या मजल्याची जमीन रक्त आणि आवेने माखून खाटीकखान्यासारखी व्हायची. जेवण सोडलं तर जबडा उघडायचं लोखंडी यंत्र होतं, समुद्रात उडी मारू नये म्हणून कडेला जाळी.

बरं, उतरल्यावर तरी जपलं का? जमैकात सुमारे दहा लाख माणसं उतरवली. त्यातली काही पुढे स्पॅनिश वसाहतींत विकली गेली, तरी १८३४ ला तिथे गुलाम उरले होते तीन लाखांच्या थोडे वर. मुलंबाळं धरून! ऊसमळेवाल्यांचा हिशोब साधा होता, पोर जन्माला घालून वाढवत बसण्यापेक्षा तयार माणूस विकत घ्यायचा, काही वर्षं पिळायचा आणि मेला की दुसरा आणायचा. ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलंय त्यांना चरक माहितीये. तसाच मोठा चरक हंगामात रात्रंदिवस चालायचा, झोपेने डुलणाऱ्या माणसाचा हात उसाबरोबर आत गेला तर चरक थांबेपर्यंत अख्खा माणूस ओढला जाईल, म्हणून शेजारी कुऱ्हाड ठेवलेली असायची. हात तोडायला.

आणि मेरी प्रिन्सचं ऐका, कारण तिने स्वतः सांगितलंय. बर्म्युडाची ही बाई, बाराएक वर्षांची असताना बाजारात बहिणींबरोबर उभी केली, आईच घेऊन आली होती त्यांना, आणायलाच लागलं, आणि मुली वेगवेगळ्या मालकांना गेल्या. पुढे ती टर्क्स बेटावर मिठागरात होती. पहाटे चारपासून गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभं राहायचं, पायांना फोड यायचे ते हाडापर्यंत खात जायचे, आणि हात मंदावला की चाबूक. १८३१ ला लंडनमध्ये तिने आपली हकिगत सांगून लिहून घेतली आणि ती छापली गेली. त्या मिठागराच्या मालकानेही तिच्यासाठी पैसे मोजलेच होते की.

कोणी म्हणेल अमेरिकेत तर गुलामांची संख्या वाढली, म्हणजे नीट ठेवत असतील. वाढली, आफ्रिकेतून आणले चार लाखांहून थोडे कमी आणि १८६० च्या जनगणनेत होते साडेएकोणचाळीस लाख. पण १८०८ पासून बाहेरून आणायला बंदी आल्यावर व्हर्जिनियासारख्या राज्यांतून दक्षिणेच्या कापसाला माणसं विकणं हाच मोठा धंदा झाला, नवरा इकडे, बायको तिकडे, पोरं तिसरीकडे.

आफ्रिकन लोकांनीच विकली. हो, पश्चिम आफ्रिकेतल्या दाहोमीसारख्या राज्यांचे राजे यात गब्बर झाले, हे कोणी नाकारत नाही. पण ते मुख्यतः 'आपली' माणसं विकत नव्हते, लढाईत पकडलेली दुसऱ्या मुलखातली विकत होते, आणि तिकडे बंदुका, दारू, हिंदुस्थानातलं कापड आणि मालदीवच्या कवड्या घेऊन गिऱ्हाईक कायम उभं होतं. काँगोचा राजा अफोन्सो याने १५२६ ला पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून तक्रार केली होती की तुमचे व्यापारी आमच्या सरदारांची पोरं, आमचे नातेवाईकसुद्धा उचलून नेतायत. पत्राने काही थांबलं नाही.

मलिक अंबरचं उदाहरण देणाऱ्यांना विचारतो, त्याचं पुढे काय झालं ते तरी बघितलं का? त्याला विकत घेणारा चंगेजखान अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा, तोही हबशीच. मालक गेल्यावर अंबर मोकळा झाला, फौज उभारली, खडकी (पुढचं औरंगाबाद) वसवली, त्याच्या मागे मुलगा फतेहखान वजीर झाला. आपल्याकडची गुलामी चांगली होती असं अजिबात म्हणत नाहीये, लहान पोर पकडून हातोहात विकलेलं होतं, आणि गोव्यात पोर्तुगीजही आफ्रिकन माणसं विकतच होते. पण व्हर्जिनियात १६६२ चा कायदा होता की आई गुलाम तर मूल जन्मापासून गुलाम, मग बाप खुद्द मालक का असेना. १६६९ चा कायदा की शिक्षा करताना गुलाम मेला तर तो गुन्हाच नाही. फ्रेंचांचा १६८५ चा कायदा, महिनाभर पळालेल्याचे कान कापा आणि खांद्यावर डाग द्या, दुसऱ्यांदा पळाला तर पायाची शीर तोडा, तिसऱ्यांदा मृत्युदंड. तिथे वजीर कुठून होणार कोणी?

राहिली इंग्रजांची दया. ब्रिटिश जहाजांनी ३२ लाखांच्या वर माणसं वाहिली, मग १८०७ ला व्यापार बंद केला, गुलामी मात्र चालूच. १८३१ च्या नाताळात जमैकात सॅम्युअल शार्पच्या पुढाकाराने हजारो गुलाम उठले, तीनशेहून जास्त जणांना मृत्युदंड दिला, शार्पलाही फासावर चढवलं, आणि १८३३ ला गुलामी बंद करणारा पार्लमेंटचा कायदा आला. त्यात ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळलेला होता हे मेसेजवाले सांगत नाहीत. भरपाई दिली २ कोटी पौंड, ती सगळी मालकांना, आणि त्यासाठीच्या कर्जाचा शेवटचा भाग ब्रिटिश सरकारने २०१५ मध्ये फेडला. ज्यांनी राबून हाडं झिजवली त्यांना एक पेनी नाही, वर 'शिकाऊ' म्हणून १८३८ पर्यंत त्याच मालकाकडे फुकट राबायचं. जॉन ग्लॅडस्टन, पुढे पंतप्रधान झालेल्या ग्लॅडस्टनचा बाप, याला एक लाख पौंडांच्या वर मिळाले, आणि १८३८ ला त्याने गयानातल्या मळ्यांवर कलकत्त्याहून करारावर मजूर नेले. मॉरिशसच्या मालकांना २१ लाख पौंड मिळाले, आणि तिथे उसात राबायला मुंबई बंदरातून कोकणातली माणसं गेली. आज मॉरिशसमध्ये जे मराठी आहेत ते त्यांचेच वंशज.