“मैदानावर खाऊन कोणी मेलंय का?” – स्टॉल लावणारीचं उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. एक आमच्या स्टॉलवाल्यांचा ग्रुप, दोन खेळाडूंच्या पालकांचे आणि चौथा चक्क सोसायटीचा. मेसेज असा: “मैदानावरच्या खाण्याला नावं ठेवणाऱ्यांनो, इतक्या वर्षांत नाशिकच्या कुठल्या मैदानावर खाऊन कोणी मेलंय का? माल गरम असतो, जंतू मरतात. गर्दी असते, त्यामुळे माल ताजाच असतो. आपली पोटं मिसळीवर वाढलेली आहेत, त्यांना काही होत नाही. हे हातमोजे, परवाने, तपासणी परदेशातल्या स्टेडियमसाठी ठीक. गरिबाच्या पोटावर पाय देऊ नका. पुढे पाठवा.”

लोकांनी पुढे पाठवलाही. खाली अंगठे आणि टाळ्या. मी स्वतः चौदा वर्षं स्पर्धांना स्टॉल लावते, वडापाव, मिसळ आणि ताक. कबड्डीचे सामने, शाळांच्या स्पर्धा, मे महिन्यातलं टेनिस बॉल क्रिकेट. गरिबाच्या पोटाची गोष्ट निघाली की ती माझ्याच पोटाची गोष्ट असते. म्हणूनच हा मेसेज मला झोंबला. त्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ चुकीची आहे, आणि ती खरी मानून आम्ही स्टॉलवाले वागलो तर पोरं आजारी पडतील.

“माल गरम असतो, जंतू मरतात.”

हे मीही मानत होते. बऱ्याच वर्षांपूर्वी शहराबाहेरच्या एका मैदानावर दोन दिवसांची कबड्डी स्पर्धा होती. सकाळी घाई नको म्हणून आदल्या रात्री दहा किलो बटाटे उकडले, मदतीला आलेल्या मुलाने ते सोलले, कुस्करले आणि मोठ्या परातीत ढीग करून वर ओलं फडकं टाकलं. त्याच्या अंगठ्याला विळीने कापलेलं होतं, वर चिंधी बांधलेली. मी ती पाहिली होती. सकाळी सारणात हात घातला तर ढिगाच्या मधला भाग अजून कोमट होता. वास चांगला, चव चांगली. फोडणी दिली, वडे कडकडीत तेलात तळले, आणि अकराच्या सुमारास एका संघाने ते खाल्ले. दोन वाजेपर्यंत सात पोरं उलट्या करत होती. ताप कुणालाच नव्हता.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला पहिला प्रश्न विचारला, “काकू, खाऊन किती वेळाने सुरू झालं?” तीन तास म्हटल्यावर ते म्हणाले, “मग हे बहुतेक विष आहे, जंतू नव्हे.” सारण उरलंच नव्हतं, त्यामुळे तपासणी झाली नाही आणि जंतूचं नाव मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण त्यांनी समजावलं ते तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलं आहे. माणसाच्या नाकात, त्वचेवर आणि खास करून पिकलेल्या जखमेत स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू असतो. तो शिजलेल्या, कोमट अन्नात पडला की वाढतो आणि वाढताना विष सोडतो. जंतू उकळत्या तापमानाला मरतो, त्याचं विष मात्र उकळूनही जात नाही. एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. वडा कितीही कडक तळा, रात्रभर साचलेलं विष त्यात राहतंच.

भाताचंही तसंच. बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू, म्हणजे कवचात झोपलेलं त्याचं रूप, भात शिजला तरी जिवंत राहतात. भात बाहेर कोमट पडून राहिला की ते रुजतात, आणि उलटी आणणारं त्यांचं विष पुन्हा परतून, तळून जात नाही. दुपारचा उरलेला भात रात्रीच्या सामन्याला फ्राइड राइस होऊन येतो तेव्हा तो वाफाळत असतो, एवढंच.

धोक्याचा पट्टा ५ ते ६० अंश सेल्सिअस. या पट्ट्यात अन्न पडलं की सोयीच्या उबेत एका जंतूचे वीस मिनिटांत दोन होतात. हिशोब करून पाहा, चार तासांत एकाचे चार हजारांवर आणि सहा तासांत अडीच लाखांवर. नाशिकचा पारा एप्रिल-मेमध्ये चाळिशीला टेकतो, तेव्हा मंडपाखालची परात म्हणजे जंतूंसाठी अंडी उबवायची टोपली. म्हणूनच शिजवलेला पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये असं सांगतात, आणि कडक उन्हात तर तासाभरातच हलवावा. मी आता सुईचा थर्मामीटर वापरते. काही शे रुपयांत मिळतो. सुई पदार्थाच्या मधोमध खुपसायची, साठच्या खाली आकडा दिसला की पातेलं पुन्हा आचेवर.

एक गोष्ट मिसळप्रेमींना आवडेल. मंद आचेवर सतत रटरटणारा कट हा माझ्या स्टॉलवरचा सगळ्यात निर्धोक पदार्थ आहे. घोटाळा त्याच्या आजूबाजूला असतो. चिरलेला कांदा, लिंबू, कोथिंबिरीची हिरवी चटणी, पाव उचलणारा हात. यातलं काहीच गरम होत नाही. हिरवी चटणी तर आयुष्यात कधी आच पाहत नाही. कोथिंबीर कुठल्या पाण्यात धुतली आणि मिक्सरचं भांडं कधी घासलं, यावरच ती चांगली की वाईट ते ठरतं.

“गर्दी असते, म्हणून माल ताजाच.”

गर्दी माल संपवते हे खरं. पण क्रिकेटच्या मैदानावरची गर्दी दिवसभर सारखी नसते, हे स्टॉलच्या आत उभं राहिलं की कळतं. ती लंचला येते, चहाला येते, सामना संपल्यावर येते. मध्ये दीड-दोन तास माशा मारायच्या. मग आपण काय करतो? ब्रेकला धांदल नको म्हणून शंभर वडे आधीच तळून ताटात रचतो. ब्रेकला आलेलं गिऱ्हाईक समजतं, गरमागरम मिळाला. त्याच्या हातात येतो तो आत्ताच काढलेल्या घाण्याखाली ऊब धरून बसलेला तासाभरापूर्वीचा वडा.

आणि गर्दीने हात धुण्याचा वेळच खाल्लेला असतो. माझ्या शेजारच्या स्टॉलवर गेल्या उन्हाळ्यात मी पाहिलं. एकच माणूस. उजव्या हाताने पन्नासची नोट घेतली, गल्ल्यात टाकली, सुटे दिले, त्याच हाताने पाव फाडला, चटणी लावली, कपाळावरचा घाम मनगटाने पुसला, पुन्हा पाव. दहा मिनिटांत सोळा गिऱ्हाइकं, हात एकदाही धुतला नाही. तो घाणेरडा माणूस नाही, घरी नीटनेटका असतो. त्याच्याकडे पाणी नव्हतं आणि दुसरा माणूस नव्हता. हातमोजा घातला असता तरी फरक पडला नसता, नोट आणि पाव दोन्हीला तोच मोजा लागला असता. पैसे एकाने घ्यायचे आणि खाणं दुसऱ्याने द्यायचं. आता क्यूआर कोडमुळे हे एकट्यालाही बरंच जमतं.

“आपली पोटं मिसळीवर वाढलेली आहेत.”

तिखट पचवणं आणि जंतू पचवणं यांचा एकमेकांशी संबंध नाही. वर सांगितलेल्या विषाविरुद्ध पोट घट्ट होत नाही, ज्याच्या पोटात गेलं त्याला उलटी. उलट्या-जुलाब करणारा नोरोव्हायरस एकदा होऊन गेला तरी पुन्हा होतो. मेसेजमध्ये खऱ्याचा एक कण आहे तो असा, की हिपॅटायटिस ए, म्हणजे दूषित खाण्यापाण्याची कावीळ, लहानपणी होऊन गेली तर ती सहसा पुन्हा होत नाही. पण आजची बरीच मुलं फिल्टरच्या पाण्यावर वाढली आहेत, त्यांच्यातल्या अनेकांना ती झालेलीच नाही. मोठ्या वयात ती गाठते तेव्हा जास्त आडवं करते. आणि मैदानावर नुसते दणकट प्रेक्षक नसतात. गरोदर बाई असते, दोन वर्षांचं पोर घेऊन आलेली आजी असते, उन्हात तीन तास पळून अंगातलं पाणी आटलेला सतरा वर्षांचा चढाईपटू असतो. त्याला दोन जुलाबही पुरतात.

“इतक्या वर्षांत कोणी मेलंय का?”

मेलेच पाहिजेत का? पण हा प्रश्न लोकांना पटतो, म्हणून सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली पहिल्यांदा जगाचा अंदाज मांडला. वर्षाला सुमारे ६० कोटी माणसं दूषित अन्नाने आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार मरतात, त्यात सव्वा लाख पाच वर्षांखालची मुलं. ही माणसं कुठेतरी काहीतरी खाऊनच मेली.

आपल्या मैदानांच्या नावावर तक्रार दिसत नाही, कारण ती पोहोचतच नाही. माझ्याकडची सात पोरं तीन तासांत आजारी पडली आणि एकाच संघातली होती, म्हणून धागा जुळला. साल्मोनेला नावाच्या जंतूची लक्षणं दिसायला सहा तासांपासून सहा दिवस लागू शकतात. नोरोव्हायरसला साधारण बारा ते अठ्ठेचाळीस तास. टायफॉइडला एक ते तीन आठवडे, काविळीला सरासरी अठ्ठावीस दिवस. सामना पाहायला आलेला माणूस तोवर सिन्नरला, निफाडला, मालेगावला आपल्या घरी असतो. पोट बिघडलं की तो शेवटी खाल्लेल्या घासाला दोष देतो, “काल रात्रीचं वांगं बाधलं” म्हणतो. मेडिकलमधून गोळी आणतो. मैदानावरचा बर्फाचा गोळा त्याच्या ध्यानातही येत नाही.

बर्फाचं तर मेसेजमध्ये नावही नाही, आणि उन्हाळ्यातल्या स्टॉलवर तो सर्वांत जास्त खपतो. गोठवल्याने जंतू मरतात असं पुष्कळांना वाटतं. बरेचसे मरत नाहीत, नुसते थांबतात आणि ताकात, उसाच्या रसात वितळले की पुन्हा कामाला लागतात. खाण्याचा नसलेला, म्हणजे मासळी वगैरे थंड ठेवायचा बर्फ ओळखू यावा म्हणून महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली त्यात निळा रंग टाकणं बंधनकारक केलं. निळसर लादी स्टॉलवर दिसली तर तो बर्फ पेल्यात जायचा नाही. आणि पांढरी लादी गोणपाटात गुंडाळून टेम्पोत, तिथून मैदानाच्या मातीवर, मग बर्फ फोडायच्या हातोड्याखाली येत असेल, तर पांढऱ्या रंगाचा काही उपयोग नाही. मी पेल्यात बर्फ घालणं बंद केलं. ताकाचा कॅनच बर्फात ठेवते. पहिल्या वर्षी गिऱ्हाईक कुरकुरलं, आता कोणी विचारत नाही.

“हे नियम परदेशातल्या स्टेडियमसाठी.”

परदेशात सगळं चकाचक असतं हा गैरसमज या ओळीत दडलेला आहे. अमेरिकेतल्या ईएसपीएन या क्रीडावाहिनीने २०१८ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या १११ व्यावसायिक स्टेडियमचे दोन वर्षांचे आरोग्य तपासणी अहवाल जमवले, सोळा हजारांच्या वर. सुमारे २८ टक्के स्टेडियममध्ये निम्म्या किंवा त्याहून जास्त खाद्यविक्री केंद्रांवर गंभीर स्वरूपाची त्रुटी नोंदलेली निघाली. म्हणजे अडचण तिथेही हीच, थोड्या वेळात हजारोंची गर्दी. फरक इतकाच की तिथे तपासणी झाली, ती कागदावर आली आणि लोकांना वाचता आली.

आणि नियम आपलेच आहेत. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा, त्याखालचे परवाना आणि नोंदणीचे नियम २०११ चे. फेरीवाला, हातगाडीवाला, दोन दिवसांचा तात्पुरता स्टॉलवाला, सगळ्यांना नोंदणी लागते. मी शेवटची नोंदणी केली तेव्हा वर्षाला शंभर रुपये फी होती. चौदा आकडी नंबर येतो, नोंदणीचा असेल तर २ पासून सुरू होतो, परवान्याचा असेल तर १ पासून. गिऱ्हाइकाला तो फूड सेफ्टी कनेक्ट या ॲपवर तपासता येतो. वर्तमानपत्रात वडा बांधून देणं बंद करा असं २०१६ मध्येच सांगितलेलं आहे, २०१८ च्या पॅकेजिंगच्या नियमांत तर ते मनाईच केलं. शाई तेलात उतरते. आजही अर्ध्या स्टॉलवर कागद तोच. हे पाहून मला खरोखर राग येतो, कारण साधा कोरा कागद फारसा महाग पडत नाही.

“गरिबाच्या पोटावर पाय देऊ नका.”

इथे मला मेसेज लिहिणाऱ्याला थेट विचारायचं आहे, पाय कोण देतंय? स्पर्धेत स्टॉलसाठी आम्ही भाडं भरतो. बदल्यात दहा बाय दहाचा मंडप, एक टेबल आणि एक लाइटचा पॉइंट मिळतो. नळ नाही. सांडपाणी जायला जागा नाही. कचऱ्याचा डबा स्वच्छतागृहाजवळ, आणि स्वच्छतागृहात साबण नाही. दिवसभराच्या धंद्याला मी वीस लिटरचे तीन जार विकत आणते, त्यातच पिणं, भांडी आणि हात. एवढ्या पाण्यात कोणालाही स्वच्छता पाळता येणार नाही, मग तो गरीब असो की मोठा ब्रँड. सॅनिटायझरने भागत नाही. तेलकट हातावर तो नीट चालत नाही आणि नोरोव्हायरसपुढे तर फारच लंगडा पडतो. साबण आणि वाहतं पाणीच लागतं.

मी तोटीचा चाळीस लिटरचा ड्रम टेबलाच्या कडेला उंचावर ठेवते, खाली बादली, दोरीला बांधलेला साबण. दोरी नसली की साबण संध्याकाळपर्यंत टिकत नाही. बोटाला कापलेल्या माणसाला त्या दिवशी गल्ल्यावर बसवते, त्याचा रोज पूर्ण देते. रोज बुडणार असेल तर तो जखम लपवेल, ही साधी गोष्ट आहे. बटाटे पहाटे चारला उकडते, पसरट ताटांत पातळ थर करून पंख्याखाली निववते, ढीग करत नाही. या सगळ्यात माझा धंदा बुडाला नाही.

आमच्या भागातल्या उन्हाळी स्पर्धेच्या आयोजकांना मी यंदा लेखी अर्ज दिला आहे. दर चार स्टॉलमागे एक नळ किंवा टँकरची तोटी, सांडपाण्याचा पाइप, नोंदणी क्रमांक असल्याशिवाय स्टॉल नाही आणि स्वच्छतागृहात साबण. एक कार्यकर्ता म्हणाला, “ताई, नळ दिला तर भाडं वाढवावं लागेल.” मी म्हटलं, वाढवा, मी भरते, पण नळ आधी दाखवा. अजून उत्तर आलेलं नाही. सोमवारी पुन्हा जाणार आहे, या वेळी आणखी पाच स्टॉलवाल्यांच्या सह्या घेऊन. त्यातल्या दोघांनी तो मेसेज पुढे पाठवला होता.