घरात बसलेला पदवीधर आणि घरची माणसं

अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेलं वर्षभर एकच वाद धुमसतोय: शिकलेली पोरं घरात बसून आहेत, ती कुणाच्या चुकीमुळे? मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतल्या, म्हणजे काही महिने दरमहा पैसे घेऊन कार्यालयात किंवा कंपनीत काम शिकायच्या सरकारी योजनेतल्या, मुलांनी "आम्हाला कायम करा" म्हणून आंदोलनं केली, तेव्हापासून तो जास्तच पेटला. जुनी माणसं म्हणतात, "पोट्ट्यायले कामाची लाज वाटते." पोरं म्हणतात, सरकार भरती काढत नाही, काढली तर पेपर फुटल्याच्या बातम्या येतात, मग आम्ही करायचं काय? मी जर्मनीत, स्टुटगार्टजवळच्या एका यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात काम करते. इथून हा वाद वाचताना मला सारखं वाटतं, की दोन्ही बाजू घराच्या उंबऱ्याबाहेरचंच बोलतात. पदवी हातात पडल्यावरची पाच-सहा वर्षं पोरगा घरात असतो आणि त्या वर्षांत आई-बाप काय करतात यावर खूप काही ठरतं. त्याबद्दल कुणीच बोलत नाही.

आई-बापांनी काही केलं नाही असं मी मुळीच म्हणत नाही. आपला भाग गाडगेबाबांचा. जेवायचं ताट मोडा पण पोराला शिकवा, हे त्यांनी कीर्तनातून सांगितलं आणि आमच्या खारपाणपट्ट्यातल्या माणसांनी ते अक्षरशः केलं. कोरडवाहू वावर, विहिरीला खारं पाणी, कापूस आणि तुरीच्या भरवशावर पोरं अमरावतीला ठेवली. पण शिकवलं म्हणजे आपलं काम संपलं, पुढचं सरकारने पाहावं, अशी समजूत घट्ट बसली. मग पुढची मदत म्हणजे फक्त पैसा: क्लासची फी, अभ्यासिकेची फी, पुण्याच्या खोलीचं भाडं, परीक्षेचं शुल्क.

हा पैसा कशावर लावला जातोय, ते एकदा पोराबरोबर बसून बघा. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज आले दहा लाखांहून जास्त. अर्जाचं शुल्क खुल्या प्रवर्गाला १,००० रुपये, मागासवर्गीयांना ९००. राज्याच्या नोकरीची वयोमर्यादा साधारणपणे खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३, म्हणून आशा सुटायलाही तेवढीच वर्षं लागतात. परीक्षा देऊच नये असं माझं म्हणणं नाही. आमच्याच गावची पोरं त्यातून पोलीस झाली, त्यांचा मला अभिमान आहे. पण किती वेळा द्यायची, कुठल्या वर्षी थांबायचं, हे पहिल्या अर्जाच्या आधी घरात ठरलं पाहिजे. पोरगा स्वतःहून ते कधीच ठरवणार नाही, कारण "तयारी करतो" म्हटलं की सोयरिकीच्या बोलण्यात मान राहतो आणि "दुकानात कामाला जातो" म्हटलं की मान जातो. तो मान आई-बापांनी सांभाळायला हवा. पाहुण्यांसमोर बापाने सरळ सांगावं, पोरगा कामाला जातो आणि परीक्षाही देतो.

जर्मनीत या मर्यादा कायद्यातच आहेत. मुलाचं पहिलं व्यावसायिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत खर्च करणं पालकांवर बंधनकारक आहे, त्यानंतर सहसा नाही. मुलांसाठी सरकारकडून दरमहा मिळणारा भत्ता मूल शिकत असेल तर पंचविशीपर्यंत चालू राहतो; नुसतं बेरोजगार म्हणून नाव नोंदवलं असेल तर एकविसाव्या वर्षी बंद होतो. आपल्याकडच्या आईला हे कठोर वाटेल. मलाही सुरुवातीला वाटलं होतं.

आमच्या कारखान्यात दर शरद ऋतूत नवे शिकाऊ येतात. शिकाऊ प्रशिक्षणाचा कायदा इथे १९६९ पासून आहे, तीनशेहून जास्त व्यवसायांना तो लागू आहे. मुदत दोन ते साडेतीन वर्षं, आठवड्यातले एक-दोन दिवस शाळा, बाकी दिवस काम आणि पहिल्या महिन्यापासून पगार. पहिल्या काही आठवड्यांत त्यांना हातात कानस आणि लोखंडाचा ठोकळा देतात. घासायचं, सपाट झाला का ते बघायला पट्टी लावून उजेडाकडे धरायचं, फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचं. बारावी उत्तम गुणांनी पास झालेला मुलगाही तेच करतो, तळव्याला फोड येतात. दर आठवड्याला काय केलं ते वहीत लिहायचं, त्यावर शिकवणाऱ्याची सही. या प्रशिक्षणासाठी कारखाना बघायला मुलं येतात तेव्हा आई-वडीलही सोबत असतात, पण प्रश्न मुलालाच विचारले जातात. अडखळला तर सगळे थांबतात. आई मध्ये बोलत नाही.

आणि आपल्याकडे? बाप पोराला घेऊन पुढाऱ्याच्या बंगल्यावर जातो. "साहेब, पोराचं काई तरी पाहा ना." पोरगा मागे, प्लास्टिकच्या फायलीत गुणपत्रिका धरून उभा. पंचवीस वर्षांच्या पदवीधराने त्या खोलीत एक वाक्यही बोललेलं नसतं. मग मुलाखतीत तोंड उघडत नाही म्हणून त्यालाच बोल लावायचे. बँकेत, तहसीलमध्ये, कृषी सेवा केंद्रात उधारीचा हिशेब करताना त्याला पुढे करा आणि आपण बाहेर उभे राहा. याला एक रुपया लागत नाही.

माझ्या दादाला हे पटत नाही. तो म्हणतो, "तिकडची गोष्ट येगळी हाये बाई, इथं कोन देते काम?" त्याचं चूक नाही. जर्मन मालक शिकाऊ घेतो कारण त्याला उद्या कारागीर लागणार असतो आणि दर्यापूरला तसे कारखाने नाहीत. इथलं सगळं आणावं असंही मला वाटत नाही. चौथीनंतरच मुलांच्या शाळा वेगळ्या करतात आणि मजुराचं किंवा परदेशातून आलेल्यांचं पोर बऱ्याचदा खालच्या वाटेला लागतं. आपल्या बापाने शेवटचा पैसा लावून पोराला पदवीपर्यंत नेलं, ते त्याहून मोठं आहे.

पण जे आहे, तेही आपण वापरत नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून बी.ए., बी.कॉम. झालेल्यालाही शिकाऊ म्हणून घेता येतं. हे आमच्या गावात कुणालाच माहीत नव्हतं. ज्या युवा प्रशिक्षण योजनेवरून आंदोलनं झाली, तिच्यात २०२४ पासून पदवीधराला महिना १०,००० रुपये मिळाले, पण घराजवळची ग्रामपंचायत किंवा शाळा मिळाली की आई-बाप खूश. तिथे दिवसभर काय शिकलास, हे कुणी विचारलं नाही. अकोल्याच्या डाळ मिलमध्ये, नांदगाव पेठच्या एमआयडीसीत, बुटीबोरीला त्याच महिन्यांत स्टॉक, बिलं, मशीन असं काहीतरी हाताखालून गेलं असतं. कायम करायची मागणी सरकार मान्य करो वा न करो, शिकलेलं तर पोराजवळ राहिलं असतं.

शेजारच्या काकांच्या पोराचं मला फार वाटतं. बी.एस्सी. आहे. खरिपात ई-पीक पाहणीसाठी तो अर्ध्या गावाच्या वावरात जाऊन फोटो काढतो, पीक विम्याचे अर्ज भरतो, कापूस हमीभावाने विकायचा तर 'कपास किसान' अ‍ॅपवर लोकांची नोंदणी करतो, सातबाऱ्यात नाव चुकलं असेल तर कुठे अर्ज करायचा तेही सांगतो. काका म्हणतात, दिवसभर मोबाईल खेळते. हा पोरगा जे करतो तेच काम बँका, विमा कंपन्या, शेतकरी उत्पादक कंपन्या पगार देऊन करून घेतात. काकांनी त्याला एक वही आणून द्यावी, कुणाचं काय काम केलं, कुठे अडलं, ते तारखेनिशी लिहायला लावावं आणि लोकांकडून रास्त पैसे घ्यायला सांगावं. नोकरीच्या अर्जात अनुभवाच्या रकान्यात तो हेच लिहू शकतो.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. शिक्षण संस्थेत शिक्षकाची जागा मिळेल म्हणून वावर विकून डोनेशन देऊ नका. वावर गेलं, जागेला मान्यता आली नाही आणि पोरगा वर्षानुवर्षं बिनपगारी शिकवत राहिला, अशी घरं आमच्या पंचक्रोशीत आहेत. हल्ली जर्मनीच्या नावानेही पैसे मागणारे फिरतात. महाराष्ट्र आणि मी राहते ते जर्मन राज्य बाडेन-वुर्टेमबर्ग यांच्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार झाला हे खरं, पण त्यात भाषा यावी लागते आणि हातात नर्सिंग, वायरिंग, नळजोडणीसारखं काम असावं लागतं. नुसत्या बी.ए.वर इथे कुणी बोलावत नाही. "पोराला तिकडं घेऊन जा" म्हणणाऱ्यांना मी आधी विचारते, जवळच्या आयटीआयची चौकशी केली का? पदवीनंतर आयटीआय करणं म्हणजे मागे जाणं नव्हे. इथे विद्यापीठ अर्ध्यावर सोडून शिकाऊ झालेली मुलं माझ्या शेजारी काम करतात.

या सगळ्या वादात मुलींचं नाव कुठेच नाही. पदवीधर मुलगी घरी असेल तर तिला बेरोजगार म्हणत नाहीत, स्थळ पाहणं चालू आहे असं म्हणतात. माझ्या पुतणीचं एम.कॉम. झालं. अमरावतीला एका सीएच्या ऑफिसात तिला काम मिळतंय. पगार इतका, की खोलीभाडं आणि डबा जाता हातात फारसं उरणार नाही. दादाचं म्हणणं, एवढ्यासाठी पोरीला बाहेर कशाला ठेवायची? माझं म्हणणं, दोन वर्षं तिने दुकानदारांचे जीएसटीचे रिटर्न भरले, ऑडिटच्या फायली लावल्या, तर तिसऱ्या वर्षी तिला काम शोधत फिरावं लागणार नाही. दादाने तिच्या खोलीचं सहा महिन्यांचं भाडं द्यावं. क्लासच्या एका वर्षाच्या फीपेक्षा ते कमीच होईल. वहिनी तयार आहे. दादाशी बोलणं चालू आहे.