मलेरिया अंगवळणी पडत नाही, बाप्पा!

धानाची रोवणी सुरू झाली की आमच्या गडचिरोलीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. यंदाचा असा: “जंगलातल्या माणसाले मलेरिया होत नाही. एकदा झाला की शरीर कायमचं तयार होते. गोळ्या घेतल्या की ही ताकद मरते, म्हणून तीन दिवस ताप अंगावर काढा. सिकलसेलवाल्यांनी तर घाबरायचं कामच नाही. मलेरियाच्या तापाले नोबेल भेटलं आहे.” खाली जोडलेले हात आणि ‘सर्वांना पाठवा’. पुढे पाठवणाऱ्यांत दोन शिक्षक निघाले, म्हणून लिहायला बसलो.

पहिलं वाक्य खपतं, कारण त्यात थोडं तथ्य आहे. भामरागड-एटापल्लीकडे धडधाकट माणसाच्या रक्तातही कधीकधी जंतू सापडतात. ताप नाही, हुडहुडी नाही, माणूस बांधीत चिखल करतोय. पण म्हणजे त्याला मलेरिया ‘होत नाही’ असं नव्हे. झालेलाच आहे, फक्त त्याला जाणवत नाही. त्याला चावलेला डास तेच जंतू शेजारच्या घरातल्या लेकरापर्यंत नेतो.

जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी १९०० च्या सुमारास न्यू गिनीत हेच पाहिलं. लहान पोरांच्या रक्तात जंतूच जंतू, मोठ्यांच्या रक्तात क्वचित. मोठ्यांची ही ताकद लहानपणी पुन्हा पुन्हा आजारी पडून आलेली होती. त्या आजारपणात जी पोरं गेली, ती मोठी होऊन तपासणीला रक्त द्यायला उरलीच नव्हती. “आमच्या आजोबाले कधी काही झालं नाही” म्हणणाऱ्यानं आजोबांना भावंडं किती होती आणि जगली किती, हेही घरात विचारावं.

आता ‘कायमचं तयार होते’. गोवर एकदा झाला की बहुतेकांना पुन्हा होत नाही, तसंच इथंही असेल असं लोकांना वाटतं. पण फाल्सिपेरम हा मलेरियाचा सगळ्यात जीवघेणा जंतू बहुरूपी आहे. तो लाल पेशीत शिरतो आणि पेशीच्या पृष्ठभागावर स्वतःचं एक प्रथिन मांडतो. या प्रथिनाची साधारण ६० जनुकं त्याच्याजवळ असतात, आणि एका वेळी तो त्यातलं एकच वापरतो. शरीर आज आलेलं पोलिसाचं सोंग ओळखायला शिकेपर्यंत त्या जंतूंतलेच काही जण साधूच्या वेशात फिरत असतात. अशी बरीच सोंगं ओळखीची व्हायला कित्येक वर्षं आणि कित्येक ताप लागतात. आधी मरण टळतं, मग ताप सौम्य होतो. जंतू अंगात शिरूच नये इतकी ताकद मात्र येत नाही.

ही ताकद खोटी नाही. १९६१ मध्ये गॅम्बियात मोठ्या माणसांच्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं, आजारी मुलांना दिली, तेव्हा त्यांच्या रक्तातले जंतू झपाट्यानं कमी झाले. पण आफ्रिकेच्या काही भागांत एका माणसाला वर्षाला जंतूवाल्या डासाचे शेकडो चावे बसतात. आपल्याकडे पावसाळा आणि त्यानंतरचे काही महिने जोर असतो, नंतर तो ओसरतो. म्हणून इथली ताकद कच्ची राहते, आणि मेंदूचा मलेरिया कर्त्या माणसांनाही गाठतो. जी येते, तीही टिकत नाही. नागपूरला चार वर्षं शिकून पोरगं घरी परतलं की त्याला ‘आपल्या मातीतला’ म्हणून डास सूट देत नाही. पहिलटकरणीचं तर वेगळंच. गरोदरपणात जंतू नवं सोंग घेऊन वारेत ठाण मांडतो, आणि ते सोंग तिच्या शरीरानं आधी कधी पाहिलेलंच नसतं. मग आईच्या अंगातलं रक्त कमी होतं आणि बाळ कमी वजनाचं जन्मतं.

पुण्याच्या सीरममध्ये बनणाऱ्या मलेरियावरच्या आर-२१ लशीला जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर २०२३ मध्ये शिफारस दिली. तिचेही चार डोस लागतात आणि संरक्षण हळूहळू उतरतं. मग एका तापात कायमचं काम कसं होईल?

‘तीन दिवस अंगावर काढा’ हे सगळ्यात घातक. फाल्सिपेरमचा फेरा ४८ तासांचा असतो, आणि दर फेऱ्यात एका पेशीतून डझनाहून जास्त नवे जंतू बाहेर पडतात. सकाळी तापलेलं पोरगं दुसऱ्या दिवशी झटके देऊ शकतं. गोळ्यांनी ताकद मरते म्हणतात, त्यामागे एक खरी गोष्ट आहे, पण ती उलटी वाचली गेली. डास हटले, जंतू हटले की शरीराची ओळख पुसट होते. अशा वेळी मलेरियाविरुद्धची मोहीम ढिली पडली की आजार पुन्हा उसळतो. देशात १९६५ मध्ये लाखाच्या आसपास उतरलेले रुग्ण १९७६ मध्ये ६४ लाखांवर गेले. दोष त्या ढिलाईचा. आपल्या अर्धवट गोळ्यांचंही तसंच. व्हायवॅक्स हा मलेरियाचा दुसरा जंतू यकृतात दडून बसतो, त्याला १४ दिवसांच्या गोळ्या असतात. आपण चौथ्या दिवशी ताप उतरला की पाकीट फळीवर ठेवतो, आणि दोन-तीन महिन्यांनी “पुन्हा कसा आला?” विचारतो.

सिकलसेलवर, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजारावर, थांबावं लागेल, कारण तो आपल्या घराघरांतला विषय आहे. संशोधक अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं, की वाहकाला, म्हणजे आईबापांपैकी एकाकडूनच सिकलसेलचं जनुक आलेल्या ‘एएस’ माणसाला, फाल्सिपेरमपासून संरक्षण असतं. जीवघेण्या प्रकाराचा धोका साधारण ९० टक्क्यांनी कमी होतो. हे जन्मानं मिळतं, ताप सोसून नव्हे, आणि वाहकालाही जंतू होतातच. दोघांकडूनही ते जनुक आलेल्या ‘एसएस’ रुग्णाची गोष्ट पार उलटी. त्याचं रक्त आधीच कमी, पानथरी निकामी होत आलेली. त्यात मलेरिया म्हणजे जिवाशी गाठ. मेसेज लिहिणाऱ्यानं ‘एएस’ आणि ‘एसएस’ एकाच पोत्यात भरले.

नोबेल मात्र खरं आहे. व्हिएन्नाच्या वाग्नर-याउरेग यांना १९२७ मध्ये ते मिळालं, सिफिलिसनं मेंदू बिघडलेल्यांना मुद्दाम मलेरियाचा ताप आणून बरं करण्यासाठी. तो ताप नंतर क्विनाइन देऊन थांबवत, तरी काही रोगी दगावत. पेनिसिलिन आलं आणि हा उद्योग संपला.

ग्रुपवर एकानं विचारलं, “मग पुजाऱ्याकडे जाऊच नये का?” जा की. पण आधी आशाताईकडून बोटातून थेंबभर रक्त तपासून घ्या. किटचा निकाल यायला १५-२० मिनिटं लागतात. तेवढ्यात पूजा उरकते.