दात्तातो-सामा आज आले नाहीत का?

पगार झाला त्याच संध्याकाळी टोकियोतल्या निशी-कासाई स्टेशनाजवळच्या एटीएमने माझं कार्ड बाहेर ढकललं. पडद्यावरची कार्टून बाई कमरेत वाकली आणि म्हणाली, हा व्यवहार होऊ शकत नाही, कृपया शाखेत चौकशी करावी. शाखा दुपारी तीनला बंद होते. पगार मात्र खात्यात होता, मोबाइलवर शून्यांसकट दिसत होता.

कारण सांगून मोकळा होतो. जपानमध्ये परदेशी माणसाचं खातं त्याच्या रेसिडेन्स कार्डाच्या दावणीला बांधलेलं असतं. कार्डाची मुदत संपली आणि नवं कार्ड दाखवलं नाही, की बँक कुलूप लावते. मी व्हिसा वाढवण्याचा अर्ज मुदतीच्या आत केला होता. तसा शिक्का कार्डाच्या मागे आहे. निर्णय लागेपर्यंत, जास्तीत जास्त दोन महिने, जुन्या कार्डावर राहता येतं, हा सरकारचाच नियम. म्हणजे सरकार म्हणतं राहा. बँक म्हणते राहा की, पण खाऊ नका.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून शाखेत गेलो. तिथे पहिली गाठ दारातल्या काकांशी. दंडाला पट्टी, सत्तरीच्या आसपासचं वय, आणि आलेल्या प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी काढून देण्याचं काम. यंत्राचं एकच बटण दाबायचं असतं, पण ते तुम्ही दाबलेलं त्यांना चालत नाही. काकांनी माझं कार्ड आणि पासबुक दोन्ही हातांत घेतलं. टेबलावर ठेवलेल्या तीन नंबरांच्या वाचायच्या चष्म्यांपैकी मधला लावला. (बँकेत म्हाताऱ्यांसाठी चष्मे ठेवतात, ही सोय आपल्याकडेही व्हायला हवी. आपल्याकडे पेन ठेवतात, तेही दोरीने बांधून.)

"कुरुकारुनी-सामा?" (सामा म्हणजे आपलं 'श्रीयुत'.)

"हो."

"सामीरु-सामा?"

"तोही मीच."

"आणि दात्तातो-सामा?"

पासपोर्टात माझं नाव कुलकर्णी समीर दत्तात्रय. खातं उघडताना ते काताकाना लिपीत एकेका चौकोनात भरायला लावलं होतं आणि चौकोन दत्तात्रयाच्या मध्यावरच संपले. तेव्हापासून बँकेच्या लेखी माझे तीर्थरूप 'दात्तातो'पाशी तुटलेले आहेत.

"ते माझे वडील."

काकांनी दातांच्या फटीतून स्स्स् करत हवा आत ओढली. इथे राहणाऱ्या माणसाला हा आवाज ओळखायला शिकावंच लागतं. तुमचं काम होणार नाही, पण अत्यंत आदरपूर्वक होणार नाही, असं त्यात सगळं असतं.

"म्हणजे खातं दोघांचं?"

"नाही, माझ्या एकट्याचं. नावात वडील आहेत."

"नावात."

"आमच्याकडे सगळ्यांच्याच नावात असतात."

काका यावर बराच वेळ विचार करत राहिले. मग माझ्या मागे दाराकडे बघत म्हणाले, "दात्तातो-सामा आज आले नाहीत का?"

"ते मिरजेला असतात."

"लांब आहे का?"

"भारतात आहे."

"अरे वा. मग सवडीने आले तरी चालेल."

'बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर' असं मी आजवर कितीतरी वादांत म्हणालो असेन. ते कुणी बँकेच्या दारात, इतक्या अदबीने, माझ्याकडूनच मागेल असं वाटलं नव्हतं.

बरं, बाबांना कळवलं असतं तर ते आलेही असते, लाडवांचा डबा घेऊन. बँकेत स्वतःला सिद्ध करायची त्यांना सवय आहे. दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला ते जातात आणि रोज 'नमस्कार काका' म्हणणारा क्लार्क त्या दिवशी त्यांच्याकडे ते जिवंत असल्याचा पुरावा मागतो. पण तिथे निदान भांडता येतं. 'तुमच्या साहेबांना बोलवा' म्हणता येतं, रांगेतले चार जण आपल्या बाजूने बोलतात. इथे तुम्ही आवाज चढवला की समोरचा आणखी खाली वाकतो आणि उभा, ओरडणारा असा एकटा तुम्हीच दिसत राहता.

काकांनी मग फॉर्म दिला. जन्मसाल सम्राटाच्या कारकिर्दीच्या हिशोबाने लिहायचं: १९८४ म्हणजे शोवा ५९. शके १९०६ लिहिलं असतं तर काकांनी शालिवाहनालाही सवडीने बोलावलं असतं.

खिडकीवरच्या मुलीने कार्डाची पुढची बाजू पाहिली आणि मुदत संपल्याबद्दल माझी माफी मागितली. मागे बघा म्हटलं. तिने मागे पाहिलं, उठून साहेबांना दाखवलं, साहेबांनीही मागे पाहिलं, दोघं आपसात वाकले.

"नवं कार्ड मिळालं की अवश्य या."

"तोवर पगार?"

"पगार जमा होत राहील. काळजी नसावी."

"काढता येईल?"

"नवं कार्ड मिळालं की."

"आणि घरभाडं?"

स्स्स्.

देश सोडून जाणारे काही परदेशी आपली खाती विकून जातात आणि ती ठगांच्या हाती लागतात, म्हणून ही खबरदारी. समजतं मला. पण खातं विकून पळणारा माणूस रजा काढून, पासबुक आणि सहीऐवजी लागणारा नावाचा शिक्का घेऊन, नंबर लावून बसतो का? पगारातून आयकर कापताना, निवासी कर घेताना, पेन्शनचा हप्ता वळता करताना कुणी कार्डाची मागची, पुढची, कुठलीच बाजू पाहत नाही. व्हिसा वाढवण्याचं शुल्क एप्रिल २०२५ मध्ये ४००० येनवरून ६००० झालं, ते द्यायलाही माझी ना नव्हती. घेताना मी इथला आणि देताना पाहुणा, हे मला अजून पचलेलं नाही.

बायकोचा व्हिसा तिच्या स्वतःच्या नोकरीवरचा आहे, त्याला अजून मुदत आहे, म्हणून तिचं खातं चालू आहे. जपानी घरांत नवऱ्याने पगार बायकोच्या हातात द्यायचा आणि तिने दिलेल्या हातखर्चावर महिना काढायचा, ही जुनी पद्धत. तर सध्या मी रोज सकाळी दाराशी उभा राहून हजार येनची नोट घेतो. संध्याकाळी हिशोब होतो, तो मात्र जपानी पद्धतीने नाही. ती साताऱ्याची आहे, वाकत वगैरे नाही.