तिसऱ्या खाता, मग एका क्लॅमसाठी गळा कशाला काढता?

मडगावहून लिहिणाऱ्या वाचकांना नमस्कार. माझ्या मागच्या लेखावरची तुमची कमेंट दोनदा वाचली. राग समजतो मला. खाऱ्या पाण्याचा नवीन टँक लावलाय, एलईडी, पाणी गार ठेवणारा चिलर, सगळा खर्च झालाय आणि मी सांगतो की बाहेरून येणारे जिवंत कोरल नि क्लॅम घेऊ नका, म्हणजे तोंडातला घास काढल्यासारखंच. तुमचं म्हणणं असं की गोव्यात आपण टोपलीभर तिसऱ्या, म्हणजे शिंपले, खातो मग टँकमधल्या शोभेच्या एका क्लॅमचं, तोही शिंपलाच, एवढं काय, हे क्लॅम हल्ली फार्मात वाढवतात त्यामुळे समुद्राचं काही जात नाही, आणि आयातीचे पेपर असले की विषय संपला.

फार्मचं आधी घेतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे आणि मी ते नीट लिहायला हवं होतं. पॅसिफिकमधल्या पालाऊ बेटांवर क्लॅमची पिल्लं हॅचरीत काढून वाढवतात, त्यावर तिथल्या लोकांना पैसाही मिळतो, आणि असा क्लॅम असेल तर रीफवरून, म्हणजे समुद्रातल्या प्रवाळ खडकावरून, काही उचललं गेलं असं मी म्हणणार नाही. पण दुकानात समोर ठेवलेला क्लॅम फार्मचा की खडकावरून उपटलेला हे तुम्हाला कळणार कसं? दुकानदार तर सगळ्यांनाच फार्मचा म्हणतो. परमिटवर उगमाचा कोड असतो, डब्ल्यू म्हणजे समुद्रातून पकडलेला, सी म्हणजे बंदिस्त जागेत पैदास केलेला, एफ म्हणजे बंदिस्त जागेत जन्मलेला. तो कागद बघायला मागा. मी इतकी वर्षं मागतोय, आजवर एकानेही दाखवला नाही.

आणि पेपरचंच म्हणाल तर ट्रायडॅक्ना वंशाचे सगळे क्लॅम (टँकसाठी विकतात ते हेच) आणि सगळे दगडी कोरल सायटीस या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणजे परमिटशिवाय देशाबाहेर निघूच शकत नाहीत. आपल्याकडे २००१ साली दगडी कोरल आणि ट्रायडॅक्नाच्या मॅक्सिमा नि स्क्वामोसा या दोन जाती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले, वाघ ज्या यादीत तीच यादी. इंडोनेशियाने २०१८ मध्ये कोरलची निर्यात थांबवली नि २०२० मध्ये परत चालू केली, त्या मधल्या काळातही आपल्याकडे "फ्रेश इंडो स्टॉक" असे मेसेज फिरतच होते. तो माल कुठून येत होता, तुम्हीच सांगा.

आता तिसऱ्या. तुलना मनाला लागली कारण मी स्वतः रविवारी तिसऱ्यांचं सुकं खाणारा माणूस आहे. पण तिसरी नदीच्या तोंडाशी रेती-चिखलात राहते, गढूळ पाणी गाळून खाते, इथेच वाढते आणि सकाळी काढलेली दुपारी ताटात असते. ट्रायडॅक्ना उजेडावर जगतो. त्याच्या त्या रंगीत मांसल पडद्यात बारीक शेवाळ असतं, ते उन्हात साखर बनवतं आणि क्लॅम त्यावर पोसतो. लहानपणी एकदा खडक धरला की खालून धागे काढून स्वतःला बांधून घेतो, त्याला बिस्सस म्हणतात. घाईत ओढून काढला की धाग्यांबरोबर आतली ग्रंथीही फाटते. आणि फाटल्यावर तो लगेच मरत नाही, तेवढ्यात विकून होतो.

२०१६ मध्ये मी एक मॅक्सिमा घेतला होता, निळा, तळहातापेक्षा थोडा लहान. कागद मागितला नव्हता, तेव्हा मला एवढी अक्कल नव्हती, त्याचं आजही वाईट वाटतं. पडद्याच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढे डोळे होते, मी टँकवर हात नेला की सावली पडताच टपकन मिटायचा, माझी मुलगी शाळेतून आली की पहिला तोच खेळ करायची. आठ दिवस झाले. नवव्या दिवशी तिने हात नेला आणि तो मिटलाच नाही, पडदा आत ओढलेला, शिंपा आ वासून उघडा. उचलून उलटा केला तर तळाला पांढरट फाटलेलं मांस लोंबत होतं. रात्रीपर्यंत वास सुटला, पाण्यात अमोनिया वाढला आणि सकाळी दोन मासेही गेले. दुकानदार म्हणाला तुमचं पाणी खराब असेल.

प्रवासाचंही जरा ऐका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतं, त्यामुळे साठलेला अमोनिया तेवढा विषारी राहत नाही. पिशवी उघडली की हवा लागून पीएच वर जातो आणि तोच अमोनिया जाळायला लागतो, म्हणून पिशवीत तास तास थेंब थेंब टँकचं पाणी सोडत बसायचा सल्ला लांबून आलेल्या पिशवीला घातक ठरू शकतो. आपण गोव्यात साखळीच्या शेवटच्या टोकाला. जिवंत प्राणी परदेशातून उतरतात मुंबई, चेन्नई, बंगळूर अशा क्वारंटाइन असलेल्या शहरांत, आणि तिथून पुढे बस किंवा दुसऱ्या विमानाने आपल्याकडे, म्हणजे आधीच थकलेला जीव आणखी एक रात्र अंधारात. वर जूनमध्ये करंट गेला की चिलर बंद, आणि तो येईपर्यंत खोली तीस डिग्रीला.

टँक बंद करा असं मी म्हणत नाही, माझा अजून चालू आहे. झोआ आणि मश्रूम हे मऊ कोरल माझ्याकडे एवढे वाढलेत की काच दिसत नाही, ते इथेच वाढलेले आहेत आणि फोंड्याहून मडगाव तासाभराचा रस्ता. या रविवारी या, चार-पाच फ्रॅग, म्हणजे कापलेले तुकडे, देतो, पैसे नकोत. येताना झाकणाचा डबा आणा, पिशवी नको, आणि झोआ कापताना हातमोजे नि चष्मा घालायचाच, त्यांचं विष जखमेत किंवा डोळ्यात गेलं तर थेट हॉस्पिटल. तुमचा टँक किती लिटरचा आहे ते तेवढं लिहून कळवा.